खुल्या आकाशाखालील बर्फ-हॉकी : स्मरणरंजन, देखावा आणि संघांचे अर्थकारण – एक चिकित्सा

सारांश :
उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या व्यावसायिक संघटनेने २००३ पासून फुटबॉल व बेसबॉलच्या खुल्या मैदानांवर सामने भरविण्यास प्रारंभ केला. संघांच्या उत्पन्नात भर घालण्याचा एक उपाय म्हणून जन्मलेला हा प्रयोग पुढे लीगच्या प्रमुख वार्षिक सोहळ्यात रूपांतरित झाला. प्रस्तुत लेखात या प्रयोगाची आर्थिक, सांस्कृतिक आणि क्रीडाविषयक अशा तीन अंगांनी चिकित्सा केली आहे. ज्या अडचणीतून हा प्रयोग निघाला ती अडचण त्याने सोडविली काय, आणि ज्या परंपरेचा तो वारसा सांगतो ती परंपरा कितपत खरी आहे, हे दोन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

बीजसंज्ञा : बर्फ-हॉकी, क्रीडा अर्थशास्त्र, स्मरणरंजन, निर्मित परंपरा, लहान बाजारपेठेतील संघ.

प्रस्तावना :
भारतात ‘हॉकी’ म्हटले की हिरवळीवरील किंवा कृत्रिम मैदानावरील हॉकी डोळ्यांसमोर येते. कॅनडा व अमेरिकेत मात्र हा शब्द प्रामुख्याने बर्फावरील हॉकीसाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात ‘हॉकी’ हा शब्द याच अर्थाने योजला आहे. सुमारे ६१ मीटर लांब व २६ मीटर रुंद अशा बर्फाच्या रिंकवर, पायांत धारदार स्केट्स घालून हा खेळ खेळला जातो. व्यावसायिक पातळीवर तो बंदिस्त, छत असलेल्या क्रीडागृहांत होतो. त्यामुळे तापमान, प्रकाश आणि बर्फाचा दर्जा या तिन्ही गोष्टी आयोजकांच्या नियंत्रणात राहतात. हे नियंत्रण स्वेच्छेने सोडून देऊन सामना उघड्यावर नेणे, हा वरकरणी अव्यवहार्य वाटणारा निर्णय होय. असा निर्णय व्यावसायिक संघांनी का घेतला, याचे उत्तर खेळाच्या तंत्रात नव्हे, तर त्याच्या जमाखर्चात सापडते.

१. प्रयोगाची पार्श्वभूमी :
उघड्यावरील हॉकीचे काही फुटकळ प्रसंग २००३ पूर्वीही घडले होते. १९५४ साली डेट्रॉईट रेड विंग्ज संघ मिशिगनमधील मार्केट येथील तुरुंगाच्या आवारात कैद्यांच्या संघाशी खेळला होता. २७ सप्टेंबर १९९१ रोजी लास व्हेगास येथील सीझर्स पॅलेस या हॉटेलच्या वाहनतळावर लॉस एंजलिस किंग्ज व न्यू यॉर्क रेंजर्स यांच्यात हंगामपूर्व प्रदर्शनीय सामना झाला. वाळवंटी उष्म्यात बर्फ टिकविण्याची ती करामत होती आणि दिव्यांकडे आकर्षित झालेले किडे बर्फावर येऊन पडत होते, अशी नोंद आहे. ६ ऑक्टोबर २००१ रोजी मिशिगन स्टेट व मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संघांचा सामना स्पार्टन स्टेडियमवर ७४,५५४ प्रेक्षकांसमोर झाला. हॉकीच्या सामन्याला क्रीडागृहाच्या क्षमतेच्या कितीतरी पट गर्दी जमू शकते, हे त्या दिवशी प्रथमच ठळकपणे सिद्ध झाले.

एनएचएलच्या नियमित हंगामातील पहिला खुला सामना २२ नोव्हेंबर २००३ रोजी कॅनडातील एडमंटन येथील कॉमनवेल्थ स्टेडियमवर झाला. ‘हेरिटेज क्लासिक’ या नावाने भरविलेल्या या सामन्यात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने यजमान एडमंटन ऑयलर्सचा ४–३ असा पराभव केला. तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते, तरीही ५७,१६७ प्रेक्षक उपस्थित राहिले. मुख्य सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या माजी खेळाडूंचा सामना झाला आणि त्यात वेन ग्रेट्झकी व मार्क मेसिए पुन्हा ऑयलर्सच्या गणवेशात दिसले. मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जोसे थिओडोर याने शिरस्त्राणावर चढविलेली लोकरीची टोपी हे त्या सामन्याचे सर्वांत स्मरणात राहिलेले दृश्य ठरले.

या सोहळ्यामागील आर्थिक वास्तव मात्र इतके रम्य नव्हते. एनएचएलमधील खेळाडूंचे वेतन अमेरिकी डॉलरमध्ये दिले जाते. कॅनडातील संघांचे तिकीटविक्रीचे उत्पन्न कॅनडियन डॉलरमध्ये येते. २००२ च्या प्रारंभी कॅनडियन डॉलरची किंमत सुमारे ६२ अमेरिकी सेंटपर्यंत घसरली होती. याआधी १९९५ मध्ये क्वेबेक नॉर्डिक्स हा संघ कोलोरॅडोस, तर १९९६ मध्ये विनिपेग जेट्स हा संघ ॲरिझोनास स्थलांतरित झाला होता. जानेवारी २००० मध्ये कॅनडाच्या संघीय सरकारने संघांना अर्थसाहाय्य जाहीर केले, परंतु लोकक्षोभामुळे अवघ्या काही दिवसांत ते मागे घ्यावे लागले. एडमंटन संघ १९९८ मध्ये तीसहून अधिक स्थानिक गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन विकत घेतला होता. संघ गावाबाहेर जाऊ नये, हा त्यामागील मुख्य हेतू होता. म्हणजेच खुल्या सामन्याची कल्पना वैभवातून नव्हे, तर तग धरण्याच्या गरजेतून पुढे आली.

२. तिकीटविक्रीचे गणित :
या प्रयोगाचे मूल्यमापन करताना प्रथम साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे. ऑयलर्सच्या त्या वेळच्या क्रीडागृहाची क्षमता १६,८३९ आसनांची होती. त्या तुलनेत कॉमनवेल्थ स्टेडियमवरील उपस्थिती जवळपास ३.४ पट भरते. क्रीडागृह पूर्ण भरत असताना संघापुढे उत्पन्नवाढीचे दोनच मार्ग उरतात : तिकिटाचा दर वाढविणे किंवा आसने वाढविणे. पहिल्या मार्गाला स्थानिक प्रेक्षकांच्या क्रयशक्तीची मर्यादा असते, तर दुसऱ्यासाठी नवे क्रीडागृह बांधावे लागते. खुला सामना हा एका दिवसापुरता उसनवार घेतलेला विस्तार होता.

परंतु हा विस्तार हंगामाच्या एकूण पटावर ठेवून पाहिला असता त्याचे खरे आकारमान लक्षात येते. एका संघाला नियमित हंगामात घरच्या मैदानावर ४१ सामने मिळत. सर्व सामने भरगच्च झाले असे गृहीत धरले, तरी वर्षभरात ६,९०,३९९ आसने विकली जातात. खुल्या सामन्यामुळे मिळालेली वाढीव आसने ४०,३२८, म्हणजे एकूण संख्येच्या सुमारे ६ टक्के होतात. त्यातून तात्पुरती रिंक, शीतकरण यंत्रणा, प्रकाशयोजना, सुरक्षा आणि मैदानाचे भाडे यांचा खर्च वजा करावा लागतो. प्रायोजकत्व, प्रसारण आणि स्मरणवस्तूंची विक्री यांची भर पडते हे खरे. तथापि चलनाच्या विनिमयदरामुळे वेतनखर्चावर पडणारा भार ज्या संघाला दरवर्षी सोसावा लागतो, त्याच्यासाठी एका वर्षीची अशी भर हा दिलासा ठरतो. तो उपचार ठरत नाही.

शिवाय हा दिलासा पुनरावृत्तीक्षम नाही. खुल्या सामन्याची मागणी त्याच्या दुर्मिळतेवर उभी असते. एकाच शहरात दरवर्षी असा सामना भरविल्यास मागणी घटणार, हे सीमांत उपयोगितेच्या प्राथमिक नियमावरूनही सांगता येते. कॉमनवेल्थ स्टेडियमवर एनएचएलचा दुसरा सामना २९ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी झाला. ज्या संघाने या कल्पनेचा पाया घातला, त्याला आपल्या शहरात ती पुन्हा वापरण्यास दोन दशके लागावीत, ही बाब बोलकी आहे.

३. स्थानिक उपायाकडून केंद्रीय मालमत्तेकडे :
एडमंटनच्या सामन्यानंतर लगेचच २००४–०५ चा संपूर्ण हंगाम मालक व खेळाडू यांच्यातील संघर्षामुळे टाळेबंदीत रद्द झाला. २००५ च्या नव्या करारात प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा घालण्यात आली. प्रारंभी ही मर्यादा ३ कोटी ९० लाख अमेरिकी डॉलर इतकी होती. ही मर्यादा लीगच्या एकूण हॉकी-संबंधित उत्पन्नाशी जोडलेली होती. त्यात खेळाडूंचा वाटा प्रारंभी ५४ ते ५७ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्यात आला आणि २०१३ च्या करारात तो ५० टक्क्यांवर आणला गेला. सोबत संघांमध्ये उत्पन्नवाटपाचीही तरतूद झाली. लहान बाजारपेठेतील संघांना खरा आधार मिळाला तो या संस्थात्मक फेररचनेमुळे आणि त्याच सुमारास वधारलेल्या कॅनडियन डॉलरमुळे. खुल्या सामन्याचा त्यातील वाटा नगण्य म्हणावा लागतो.

लीगला मात्र या कल्पनेत वेगळीच शक्यता दिसली. १ जानेवारी २००८ रोजी बफेलोजवळील ऑर्चर्ड पार्क येथे ‘विंटर क्लासिक’ या नावाने पहिला नववर्षदिनाचा सामना झाला. ७१,२१७ प्रेक्षकांसमोर, पडत्या हिमात, सिडनी क्रॉस्बीने निर्णायक शूटआऊटमध्ये गोल करून पिट्सबर्ग पेंग्विन्सला २–१ असा विजय मिळवून दिला. एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झालेल्या या दृश्याने पुढील वाटचाल निश्चित केली. त्यानंतर शिकागोचे रिगली फील्ड (२००९), बॉस्टनचे फेनवे पार्क (२०१०) अशी बेसबॉलची ऐतिहासिक मैदाने निवडण्यात आली. १ जानेवारी २०१४ रोजी ॲन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमवर टोरांटो व डेट्रॉईट यांच्या सामन्याला १,०५,४९१ प्रेक्षकांची नोंद झाली.

येथे एक मूलभूत बदल घडला. एडमंटनमध्ये सामना संघाच्या पुढाकारातून उभा राहिला होता. विंटर क्लासिक ही लीगची मालमत्ता झाली आणि यजमान संघ मालकाच्या भूमिकेतून निमंत्रिताच्या भूमिकेत गेला. निमंत्रण कोणाला मिळते, हे पाहिले की या बदलाचा अर्थ स्पष्ट होतो. २००८ पासून ३१ डिसेंबर २०२४ रोजी रिगली फील्डवर झालेल्या सामन्यापर्यंत विंटर क्लासिकच्या १६ आवृत्त्या झाल्या. त्यांपैकी ५ मध्ये शिकागो व ४ मध्ये बॉस्टन हा संघ होता. कॅनडातील संघाला या मालिकेत प्रथम स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, आणि तेही टोरांटो या सर्वांत संपन्न संघांपैकी एकाला. अडचणीतील संघाने शोधलेला उपाय संपन्न संघांच्या दालनात जाऊन बसला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

वॉल्टर नील यांनी १९६४ साली व्यावसायिक क्रीडेच्या अर्थशास्त्राचे वेगळेपण दाखविताना असे मांडले होते की, कोणताही संघ एकट्याने आपले उत्पादन निर्माण करू शकत नाही; प्रतिस्पर्ध्याचे जगणे ही त्याच्या स्वतःच्या व्यवसायाची पूर्वअट असते. या दृष्टीने पाहिले असता दुर्बळ संघांना उत्पन्नाची संधी देणे हे लीगचे औदार्य नसून तिची गरज ठरते. खुल्या सामन्यांच्या वाटपात मात्र ही गरज मागे पडून दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या पुढे आली.

उत्पन्नाचा विचार भूगोलावरही कशी मात करतो, याचे उदाहरण न्यू यॉर्क रेंजर्स या संघात सापडते. मॅडिसन स्क्वेअर गार्डन या त्यांच्या क्रीडागृहाला मालमत्ता करातून सूट आहे आणि घरचे सामने तेथेच खेळणे ही त्या सवलतीशी निगडित अट आहे. परिणामी २०१४ मध्ये यांकी स्टेडियमवर आणि २०१८ मध्ये सिटी फील्डवर, म्हणजे स्वतःच्याच शहरात, रेंजर्स कागदोपत्री ‘पाहुणा’ संघ म्हणून खेळले. २०१८ मध्ये ‘यजमान’ ठरला तो शेकडो किलोमीटर दूरचा बफेलो संघ.

४. परंपरेचा दावा आणि त्याची तपासणी :
या सामन्यांचे समर्थन केवळ आर्थिक भाषेत केले जात नाही. गोठलेल्या तळ्यावर खेळणारी मुले, घरामागील अंगणात वडिलांनी पाणी ओतून तयार केलेली रिंक, गावाच्या हिवाळ्याची आठवण, अशी स्मृतिचित्रे जाहिरातींतून मांडली जातात आणि खेळ आपल्या मुळांकडे परतत असल्याचे सांगितले जाते. या दाव्याची ऐतिहासिक तपासणी उद्बोधक ठरते.

लोकजीवनातील हॉकी उघड्यावर वाढली, यात शंका नाही. परंतु संघटित हॉकीचा प्रारंभबिंदू म्हणून जो सामना सामान्यतः सांगितला जातो, तो ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या छपराखालील वास्तूत झाला. एनएचएलची स्थापना २६ नोव्हेंबर १९१७ रोजी झाली आणि त्यानंतर ८६ वर्षे तिच्या नियमित हंगामातील एकही सामना खुल्या मैदानावर झाला नव्हता. म्हणजे जी संस्था ‘परतल्याचे’ सांगते, ती त्या ठिकाणी कधी गेलीच नव्हती. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ च्या ग्रंथात मांडलेली ‘निर्मित परंपरा’ ही संकल्पना येथे तंतोतंत लागू पडते : वर्तमानातील गरजेसाठी भूतकाळाशी सातत्य कल्पिले जाते आणि पुनरावृत्तीने ते रूढ केले जाते. या सामन्यांसाठी खास शिवलेले जुन्या धाटणीचे गणवेश हे या प्रक्रियेचे दृश्य रूप आहे. ते भूतकाळाची आठवण देतात आणि त्याच दिवशी दुकानात विक्रीलाही असतात.

तथापि, एवढ्यावरून प्रेक्षकांच्या भावनेला खोटे ठरविणे अन्यायाचे होईल. डीन मॅककॅनेल यांनी पर्यटनाच्या संदर्भात ‘मांडलेली अस्सलता’ ही कल्पना वापरली आहे. पर्यटकाला दाखविलेले दृश्य रचलेले असते, परंतु अस्सल अनुभवाची त्याची ओढ खरी असते. एडमंटनमध्ये उणे १८ अंशांत तासन्‌तास बसलेल्या हजारो लोकांची ओढ अशीच खरी होती. क्रीडागृहात ज्यांना एरवी जागा मिळत नाही, अशा अनेकांना त्या दिवशी आपल्या संघासोबत एकत्र बसता आले. संघ गावातच राहावा म्हणून धडपडणाऱ्या शहराने स्वतःलाच दिलेली ती ग्वाही होती. पुढील काळात हाच प्रकार ठरावीक साच्यात लीगच्या अनेक शहरांत फिरू लागला, तेव्हा सोहळ्याचा बाह्य आकार टिकला. त्याला अर्थ देणारी स्थानिक गरज मात्र मागे राहिली.

५. खेळाची गुणवत्ता :
सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉलच्या अभ्यासात निकालाची अनिश्चितता हा प्रेक्षकांच्या आकर्षणाचा महत्त्वाचा घटक मानला. खुल्या सामन्यात अनिश्चितता विपुल असते, पण ती वेगळ्या जातीची. वारा, ऊन, पाऊस आणि हिम यांचा परिणाम खेळावर होतो आणि हे सामने नियमित हंगामाचे असल्याने त्यांचे गुण क्रमवारीत मोजले जातात. २००८ मध्ये वाऱ्याचा लाभ दोन्ही संघांना समान मिळावा म्हणून तिसऱ्या सत्राच्या मध्यावर बाजू बदलण्यात आल्या. २०११ मध्ये पिट्सबर्ग येथील सामना पावसाच्या भीतीने दुपारऐवजी रात्री खेळविला गेला. त्यातच बेसबॉल किंवा फुटबॉलच्या मैदानाच्या मध्यभागी आखलेली रिंक प्रेक्षकांपासून दूर पडते. हॉकीची चकती लहान व अतिवेगवान असल्याने वरच्या सज्जातील प्रेक्षकाला प्रत्यक्ष खेळापेक्षा मोठ्या पडद्यावरच अवलंबून राहावे लागते.

या विसंगतीची परिसीमा २०२१ मध्ये दिसून आली. महासाथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नसताना नेवाडातील टाहो सरोवराच्या काठी दोन सामने योजण्यात आले. तिकीटविक्रीचे उत्पन्न शून्य होते, उरले होते ते केवळ पाइन वृक्ष, सरोवर व बर्फाच्छादित डोंगर यांचे चित्र. २० फेब्रुवारी रोजी कोलोरॅडो व व्हेगास यांच्या सामन्यात स्वच्छ उन्हाने बर्फ विरघळू लागला आणि पहिल्या सत्रानंतर आठ तासांहून अधिक काळ खेळ थांबवावा लागला. उर्वरित सामना रात्रीच्या अंधारात, म्हणजे ज्या निसर्गदृश्यासाठी तो तेथे नेला होता ते दिसत नसताना, पूर्ण झाला. खुला सामना कशासाठी, या प्रश्नाचे याहून बोलके उत्तर टीकाकारालाही रचता आले नसते.

६. अतिरेकाचे परिणाम :
२०१३–१४ च्या एकाच हंगामात लीगने ६ खुले सामने भरविले. त्यांपैकी २५ जानेवारी २०१४ चा सामना लॉस एंजलिसच्या डॉजर स्टेडियमवर, ५४,०९९ प्रेक्षकांसमोर झाला. २०२५ च्या वसंतापर्यंत अशा सामन्यांची एकूण संख्या चाळीसच्या पुढे गेली. अमेरिकेत विंटर क्लासिकची सरासरी प्रेक्षकसंख्या २०११ व २०१४ मध्ये ४० लाखांहून अधिक होती, २०२४ मध्ये ती १५ लाखांच्याही खाली होती. ही घट सर्वस्वी अतिरेकामुळे झाली असे म्हणता येत नाही. २०२२ पासून हा सामना सर्वांना उपलब्ध असलेल्या एनबीसीऐवजी टीएनटी या केबल वाहिनीवर गेला, हेही महत्त्वाचे कारण आहे. मात्र मैदानावरील गर्दी टिकून आहे. १ मार्च २०२५ रोजी कोलंबस येथील ओहायो स्टेडियमवर ९४,७५१ प्रेक्षक जमले. कोलंबसला हा यजमानपदाचा पहिलाच अनुभव होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ज्या शहराला असा सामना प्रथमच मिळतो, तेथे तो अजूनही सण ठरतो. घरबसल्या पाहणाऱ्याला मात्र तो अनेकांपैकी एक वाटू लागला आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, खुला सामना हे संघाच्या उत्पन्नवाढीचे प्रभावी, परंतु एकवेळचे साधन आहे. लहान बाजारपेठेतील संघांच्या अडचणीवर उत्पन्नवाटप व वेतनमर्यादा यांसारखे संस्थात्मक उपायच टिकाऊ ठरतात. दुसरी, या साधनाची मालकी संघाकडून लीगकडे गेल्याने त्याचा लाभ गरजेनुसार नव्हे, तर बाजारमूल्यानुसार वाटला गेला. तिसरी, परंपरेचा दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, तरी त्यामागील लोकभावना खरी आहे आणि म्हणूनच तिचा वापर करणाऱ्यांवर जबाबदारी येते. यजमानपद देताना ज्या संघांना व शहरांना ते कधीच मिळाले नाही त्यांना प्राधान्य देणे आणि सामन्यांची संख्या मर्यादित ठेवणे, एवढे तरी या जबाबदारीतून निष्पन्न व्हावयास हवे.

अखेरीस एका व्यापक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. शक्तिशाली फिरत्या शीतयंत्रांमुळे आज बर्फाची रिंक कोठेही उभारता येते आणि २०२६ च्या विंटर क्लासिकसाठी मायामीसारख्या उष्ण शहराची निवड झाली. दुसरीकडे, २०२२–२३ च्या हिवाळ्यात ओटावा येथील रिडो कालव्यावरील ७.८ किलोमीटर लांबीचा नैसर्गिक स्केटिंगमार्ग, १९७० च्या दशकारंभी सुरू झाल्यापासून प्रथमच, पुरेशा बर्फाअभावी एक दिवसही उघडता आला नाही. ज्या गोठलेल्या पाण्याच्या आठवणीवर हा सारा व्यवसाय उभा आहे, ते पाणी गोठेनासे होत आहे. आठवण विकणाऱ्या संस्थेने ती आठवण ज्या परिस्थितीतून जन्मली त्या परिस्थितीचेही काही देणे मान्य करावे, ही अपेक्षा क्रीडा अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरची मानता येणार नाही.